हैबतराव : एका अरबी नावाचे मराठीपण



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी होते, त्यांचा मी विद्यार्थी. पुढे काही वर्षे त्यांच्याच हाताखाली याच शाळेत शिक्षक म्हणूनही मी काम केले. त्यांनी मला एकदा एक प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे. म्हणून विषयाकडे वळण्यापूर्वी तो प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते.

१९७५ च्या सुमाराची गोष्ट. मुरारच्या छावणीत बदलून आलेल्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातील एका जवानाचा मुलगा आपल्या शाळेत होता. त्याचे नाव हैबत. गल्लीतल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांनी त्या नावाचे 'हैवान' करून टाकले होते. मॅट्रिकचा अर्ज भरण्यापूर्वी तो माझ्याकडे आला आणि नाव बदलून द्या म्हणाला. मी तेव्हा तरुण होतो, नुकताच एम. ए. झालो होतो आणि संस्कृतप्रचुर मराठीचा मला अभिमान होता. नाव यावनी आहे, अर्थही भीतीचा आहे, असे सांगून मी त्याला 'हेमंत' हे नाव सुचवले. वडील प्रतिज्ञापत्र घेऊन आले. कागद माझ्यापुढे ठेवून ते एवढेच म्हणाले, "मास्तर, वारीतल्या बाबांचं नाव हाय ते. पन तुमी शिकल्याली मान्सं. तुमी म्हन्ता तर बदला."

संध्याकाळी गुरुजींना मी ही हकीकत काहीशा कौतुकाच्या अपेक्षेने सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कोश पाहिलास का?"

मी पाहिला नव्हता.

१

आता आपण तो कोश उघडू. 'हैबत' हा शब्द अरबीतला. हे, ये आणि बे या तीन व्यंजनांच्या धातूपासून तो सिद्ध होतो. या धातूचा अर्थ भिणे असा सांगितला जातो. पण अरबीत निव्वळ भीतीसाठी 'खौफ' हा दुसरा शब्द आहे. वाघाला पाहून वाटतो तो खौफ. थोर पुरुषासमोर गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, पाऊल अडखळते आणि तरीही तेथून पळून जावेसे वाटत नाही, ती हैबत. धाक, दरारा आणि आदर यांचे मिश्रण त्यात आहे. याच धातूपासून झालेले 'महीब' हे विशेषण गंभीर, भव्य, आदरयुक्त भय उपजवणारे अशा अर्थाने योजले जाते.

सूफी साधकांनी या शब्दाला परिभाषेचा दर्जा दिला. अकराव्या शतकातील कुशैरी यांचा 'रिसाला' हा अरबी ग्रंथ आणि त्याच शतकात लाहोरला देह ठेवलेले हुजवेरी यांचा 'कश्फुल महजूब' हा फारसी ग्रंथ, या दोहोंत 'हैबत' आणि 'उन्स' अशी जोडी येते. हैबत म्हणजे ईश्वराच्या महत्तेपुढे साधकाला वाटणारा दरारा. उन्स म्हणजे त्याच ईश्वराशी जडलेली जवळीक. ही जोडी आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

येथे एका गोंधळाचा निरास करायला हवा. 'हिबतुल्ला' हे नाव अरबी जगात जुने आणि प्रतिष्ठित आहे. बाराव्या शतकातील बगदादचे तत्त्वज्ञ अबुल बरकात यांचे नाव हिबतुल्लाच होते. अलीकडे मुलींचे 'हिबा' हे नाव तर पुष्कळ आढळते. या नावांचा आणि हैबतचा संबंध नाही. 'हिबा' म्हणजे देणगी. तिचा धातू वेगळा, वाव-हे-बे असा. अरबी लिपीत हैबतमध्ये 'ये' हे अक्षर असते, हिबामध्ये ते नसते. लिहिताना फरक एका अक्षराचा, पण एकाचा अर्थ ईश्वराचे देणे, तर दुसऱ्याचा ईश्वराचा दरारा. हिबा सर्वत्र पसरले. हैबत हे व्यक्तिनाम मात्र अरबीतही विरळाच राहिले. दराऱ्याचा शब्द पाळण्यातल्या बाळाला देण्यास कोणत्याही समाजातील आई थोडी कचरणारच.

२

मग ते मराठीत कसे आले? त्याचा पुरावा नावाच्या शेवटच्या अक्षरातच आहे.

अरबीत हा शब्द सुटा उच्चारताना 'हैबा' असा होतो. शेवटचा 'त' लिहिण्यात सूचित असतो, पण वाक्याच्या अखेरीस तो ऐकू येत नाही. फारसीने असे पुष्कळ शब्द उचलताना तो 'त' पक्का केला. 'दौला'चे दौलत, 'हिम्मा'चे हिंमत, 'कीमा'चे किंमत आणि 'हैबा'चे हैबत झाले. मराठीत हे सारे शब्द तकारान्तच आहेत. याचा अर्थ ते अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून आपल्याकडे उतरलेले नाहीत. दक्षिणेतील सुलतानांच्या फारसी दफ्तरांतून आणि दरबारांतून आले आहेत.

त्या दरबारांत हैबत हा प्रथम किताबाचा शब्द होता. शेरशहा सूराचा पंजाबातील सुभेदार हैबतखान नियाझी इतिहासात प्रसिद्ध आहे. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याचे वडील झैनुद्दीन अहमद यांना 'हैबतजंग' हा किताब होता. युद्धात ज्याचा दरारा वाटतो तो हैबतजंग. दक्षिणेत अशा किताबांना 'खान' वा 'जंग' यांऐवजी 'राव' हा शब्द जोडला गेला. सर्जेराव हे त्याचेच उदाहरण. ते आधी मानाचे पद होते आणि पुढे ते बारशाचे नाव झाले.

'हैबतराव' हा शब्द उलगडून पाहिला तर धातू अरबी, घडण फारसी, आणि शेवटचा 'राव' संस्कृत 'राजन्'पासून प्राकृत 'राय'च्या मार्गाने आलेला, शुद्ध देशी. शिवाय मराठीने आपले व्याकरणही त्यावर चालवले. हैबत, दौलत, हिंमत हे शब्द मराठीत स्त्रीलिंगी. पण 'राव' लागताच हैबतराव, दौलतराव, हिंमतराव हे पुरुष झाले. मराठवाड्यात, साताऱ्याकडे वा आपल्या लष्करात ही नावे हाक मारून गेली तेव्हा कोणीही त्यांना परके म्हटल्याचे दिसत नाही.

केवळ अर्थच नव्हे, तर श्रद्धाही अशी नावे आणीत असे. मालोजीराजे भोसले यांच्या दोन पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी. अहमदनगरच्या शाह शरीफ या सत्पुरुषाच्या कृपेने ते झाले म्हणून ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. 'शरीफ' हाही अस्सल अरबी शब्द. अर्थ कुलीन, सन्माननीय. हे शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत पडले.

३

येथे एक रास्त शंका निघते. शिवछत्रपतींनी रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करविला आणि राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मग ही नावे मागे कशी राहिली?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून पाहिले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्दांचे प्रमाण शेकडा १४.४, १६७७ मध्ये ते ६२.७, आणि १७२८ मध्ये ९३.७. शंभर वर्षांत कागदाची भाषा किती पालटली, हे या आकड्यांवरून दिसते. परंतु त्याच शंभर वर्षांतील माणसांची नावे पाहा. शिवकाळात गुंजण मावळच्या देशमुखीत हैबतराव शिळीमकर आहेत. शाहू छत्रपतींच्या आरंभीच्या काळात सरलष्कर हैबतराव निंबाळकर आहेत. कलगी-तुऱ्याच्या शाहिरांत पुढे हैबती आहेत. १७७९ मध्ये जन्मलेल्या शिंदे घराण्यातील मुलाचे नाव दौलतराव ठेवले गेले. दफ्तरातून अरबी-फारसी शब्द निघत होते, तेव्हा देवघरापासून चार हातांवर असलेल्या पाळण्यात ते सुखेनैव झोपत होते.

याचे कारण मला असे वाटते. दफ्तरातला शब्द हा सत्तेचा असतो. सत्ता बदलली की तो बदलावा हे स्वाभाविक आहे, आणि महाराजांनी केले ते राजाला शोभणारेच होते. नाव मात्र सत्तेचे नसते, ते आजोबांचे असते. हैबतराव हे नाव ठेवणाऱ्या आईच्या मनात अरबस्तान नव्हता. तिच्या मनात मुलाचा आजा होता. दोन पिढ्या गेल्या की शब्दाचा मूळ गाव पुसला जातो आणि तो घराचा होतो.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या चळवळीने हा प्रश्न पुन्हा उभा केला. बडोद्यात १८९४ मध्ये जन्मलेले माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव ज्यूलियन, हे फारसीचे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी 'फारसी-मराठी कोश' सिद्ध केला, आणि १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथही त्यांनीच लिहिला. या दोन पुस्तकांत पुष्कळांना विसंगती दिसते. मला ती दिसत नाही. ज्याला शब्द बाहेर ठेवायचा आहे त्याने तो आधी ओळखला पाहिजे. त्यांनी कोश आधी केला होता. माझी चूक नेमकी येथे झाली; मी कोश न पाहता शुद्धी केली.

४

आता त्या जवानाच्या वाक्याकडे येतो. 'वारीतल्या बाबांचं नाव' म्हणजे कोणाचे?

सातारा जिल्ह्यातील आरफळ या गावचे हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. काळ पाहता ही कारकीर्द दौलतराव शिंद्यांची. दौलतराव १७९४ मध्ये गादीवर आले, १८०३ मध्ये असईला त्यांच्या फौजेचा पराभव झाला, १८१० मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली त्यांचा तळ स्थिरावला आणि त्या तळाचेच हे आपले लष्कर शहर झाले. १८२७ मध्ये ते वारले. 'दौलत' या शब्दाचा मूळ धातू फिरणे, पालटणे या अर्थाचा आहे. फिरत फिरत आपल्याकडे आलेली पाळी ती दौलत. त्यावरून राज्य, आणि पुढे संपत्ती. जिच्या नावातच पालटणे आहे ती दौलत दौलतरावांच्या हातून पालटली, हे आपण ग्वाल्हेरकर जाणतोच.

परंपरा सांगते ते असे. हैबतराव द्रव्य घेऊन गावाकडे परतत असता सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून गुहेत कोंडले. तेथे त्यांनी हरिपाठाचा अखंड पाठ चालवला. भिल्लांच्या नायकाला त्याच वेळी पुत्र झाला. हा कैद्याच्या पुण्याईचा प्रभाव मानून त्याने त्यांना सन्मानाने सोडले. हे माउलींचे देणे, असे समजून हैबतराव आळंदीला गेले आणि तेथेच राहिले. कथेतील कोणता भाग इतिहासाचा आणि कोणता भावनेचा, हे निवडण्याचा आग्रह मी धरणार नाही. आळंदीत पुढे काय झाले ते मात्र आजही डोळ्यांनी पाहता येते.

वारी त्यापूर्वीही होतीच. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखीची प्रथा सुरू केली. ज्ञानेश्वर आणि तुकाराम या दोघांच्या पादुका एकाच पालखीत जात असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८३२ हे साल सांगितले जाते, हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभा केला. आणि तो उभा करताना त्यांनी आपली सारी लष्करी विद्या कामी लावली. दिंड्यांना क्रमांक आले. रथापुढच्या दिंड्या कोणत्या, रथामागच्या कोणत्या हे ठरले. मुक्काम, कूच, तळ, नौबत, कर्ण्याचा इशारा आणि हातात दंड घेतलेले चोपदार, हा सगळा फौजेचा सरंजाम आहे. घोडे आणि तंबू यांचा भार अंकलीच्या शितोळे सरकारांनी उचलला. शितोळे हे शिंद्यांच्या दरबारातील मातब्बर घराणे. महादजी शिंद्यांची कन्या बाळाबाई शितोळ्यांकडे दिलेली. आजही माउलींचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून पायी आळंदीस येतात. म्हणजे ग्वाल्हेर, बेळगाव आणि आळंदी या तीन ठिकाणच्या मराठी माणसांना एका सूत्रात बांधणारा जो सोहळा, त्याचा कर्ता हैबतराव या नावाचा होता.

तळावरची समाजआरती ज्यांनी पाहिली असेल त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या असतात, टाळमृदंगांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसे एका क्षणात शांत होतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. तेथे शिपाई नाही, शिक्षा नाही. उंचावलेल्या दंडापुढे जो आदर आहे, तिचेच अरबी नाव हैबत. आणि ज्याच्यापुढे हा आदर आहे त्याला ही सारी माणसे 'माउली' म्हणतात, आई म्हणून एकेरीत हाक मारतात. सूफींनी सांगितलेली हैबत आणि उन्स ही जोडी याहून स्पष्ट मला कोठे दिसलेली नाही. हैबतबाबांना सूफी परिभाषा ठाऊक होती असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, त्या शब्दाचा जो अर्थ कोशात आहे, तो त्या माणसाने जगून दाखवला.

आजच्या अरबी वृत्तपत्रांत 'हैबतुद्दौला' असा एक शब्दप्रयोग वारंवार येतो. अर्थ, राज्यसंस्थेचा दरारा. तो पहिल्यांदा माझ्या कानी आला तेव्हा मला आपले ग्वाल्हेर आठवले. येथे हैबत ही दौलतीच्या चाकरीत होती. पुढे तिने ती चाकरी सोडली आणि आळंदीच्या दारी जाऊन बसली. दौलत पालटली, हैबत टिकली. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. कार्तिक वद्य अष्टमीला त्या पायरीचे पूजन होते आणि मगच माउलींच्या संजीवन समाधीचा सोहळा सुरू होतो. ज्याच्या नावाचा अर्थ दरारा, त्याने आपल्यासाठी जागा मागितली ती भक्तांच्या पायांखालची.

५

हैबतराव हे नाव आता नव्या मुलांना सहसा ठेवले जात नाही. सातारा, सांगलीकडच्या जुन्या पिढीत ते भेटते, इतकेच. नावांनाही ऋतू असतात, याची मला खंत नाही. आईबापांनी हवे ते नाव ठेवावे. परंतु एखादे नाव आपोआप मागे पडणे वेगळे, आणि ते परके आहे असे सांगून एखाद्या मुलाला त्याची लाज वाटावयास लावणे वेगळे. दुसरे पाप माझ्या हातून घडले आहे.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या माणसांनी तर हे अधिक ध्यानात ठेवले पाहिजे. येथे आपणही एके काळी बाहेरून आलेलोच आहोत. आपली बोली, आपली आडनावे, आपले सणवार या गावाने सामावून घेतले. शब्दाचे मूळ गाव कोणते, हे विद्वानाने जरूर शोधावे; तो शब्द आपला की परका, हे मात्र तो शब्द घेऊन माणसे कशी जगली यावरून ठरते. या कसोटीवर हैबतराव हे नाव जितके मराठी आहे, तितके माझ्या सुचवण्यातले हेमंतही नाही.

तो विद्यार्थी पुढे कोठे गेला, मला ठाऊक नाही. वडिलांची बदली झाली आणि संबंध तुटला. हजेरीपटावर त्याच्या जुन्या नावावर ओढलेली लाल रेघ माझ्या हातची होती. त्याच्या वडिलांनी मला दोन वाक्यांत जे सांगितले होते, ते समजायला मला कोश, बखरी आणि आळंदीच्या चार वाऱ्या कराव्या लागल्या. आज माजी विद्यार्थ्यांच्या या मेळाव्यात तो बसलेला असेल, किंवा ही पुस्तिका कधी त्याच्या हाती पडेल, तर माझी त्याला एवढीच विनंती आहे की, त्याने मला क्षमा करावी आणि नातवंडांना आपले पहिले नाव सांगावे.

गुरुजी, कोश पाहिला. उशीर झाला, पण पाहिला.